गाणे तुमचेही आहे
(जिल्हा मेळाव्यात कलापथकाच्या पेटीवादकाने केलेले भाषण)



मला भाषण येत नाही. पेटी वाजवतो, गातो. पण तुमच्या पैशाचा हिशेब तुमच्यासमोर द्यायचा म्हणून उभा राहिलो आहे.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली, तेव्हा माझाही साडेतीन एकरांतला कापूस गेला. वेचणीच्या बायांची मजुरी द्यायला मी वडिलांची पेटी विकली. पथक बंदच पडले. पुढे एका बियाणे कंपनीचा माणूस घरी आला. नवी पेटी देतो, फिरायला गाडी देतो, फक्त गाण्यात आमच्या वाणाचे नाव घाला, म्हणाला. खोटे कशाला बोलू, माझे मन झाले होते. बायको म्हणाली, "वाण फसलं तर त्याच गावात कोनतं तोंड घेऊन जासान?"

मग तुमच्या दारी आलो. कोणी दहा रुपये दिले, कोणी खळ्यावरची पायलीभर ज्वारी. एका आजीने वेचणीच्या मजुरीतले वीस रुपये पदराच्या गाठीतून काढले. मी घेईना, तर रागावली. "भीक देऊन राहिली का मी तुले? गानं माह्यं बी हाय."

रोख ११,४०० रुपये आणि २ क्विंटल ज्वारी जमली. त्यात जुनी पेटी घेतली, ढोलकीची पुडी बदलली, नऊ गाणी रेकॉर्ड केली. पावत्या त्या टेबलावर आहेत, बघून घ्या.

आजीचे बोलणे ऐकून मला 'मंथन' आठवला. १९७६ साली गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून तो चित्रपट काढला. कोणा शेटजीचा पैसा नाही. दिग्दर्शक श्याम बेनेगल, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, संगीत वनराज भाटियांचे. प्रीती सागर यांनी गायलेले त्यातले गाणे आजही लोकांच्या ओठांवर आहे. आपला पिक्चर बघायला शेतकरी ट्रक भरभरून गेले. २०२४ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समध्ये कानच्या महोत्सवात दाखवली. दूध संघांविषयी आपली मते काही असोत, तो विषय निराळा.

मला त्यात सर्वांत मोठे वाटते ते दुसरेच. त्या चित्रपटात गावाची नुसती स्तुती नाही. सरपंचाचा ताठा, जातीची फूट, सोसायटीच्या निवडणुकीतली चुरस, सगळे आहे. ज्यांनी पैसे घातले त्यांच्याच गावांसारखे गाव, आणि त्याचे दोष पडद्यावर.

आमच्या नऊ गाण्यांतले एक असेच आहे. पेरणी, निंदणी, वेचणी बाईने करायची. कापूस विकून आलेली रक्कम मात्र तिच्या हातात येत नाही, असे ते गाणे. एका गावी ते लावले तेव्हा काही पुरुष मंडळी उठून गेली. दोघांनी वर्गणी परत मागितली. मी दिली. खिशातून दिली, तुमच्या हिशेबात धरलेली नाही.

ते गाणे गाळा, असे मला तीन-चार कार्यकर्त्यांनी सांगितले. रात्रभर विचार केला. पण तुम्ही पैसे देताना कोणते गाणे गा, कोणते गाळा, असे एकानेही सांगितले नव्हते. कंपनीने पहिल्याच दिवशी सांगितले होते. तुमचे उपकार म्हणतो ते याचे.

आज जेवणे आटोपली की इथेच गाणार आहोत. तेही गाणे गाणार. पेटीची एक पट्टी अजून अडकते, तेवढे सांभाळून घ्या. आणि ती आजी आली असेल तर तिला पुढे बसवा.