ठेका नाचाचा, गाणं निरोपाचं

श्रोतेहो, काही गाण्यांची चाल एक सांगते आणि शब्द दुसरंच. १९८५ साली फ्रान्समध्ये गाजलेलं 'मार्सिया बाइला' असंच. फ्रेंच न येणाऱ्याला ते थेट वरातीत वाजवावंसं वाटेल. प्रत्यक्षात ते आहे एका मृत्यूचं गाणं. मार्सिया मोरेत्तो ही अर्जेंटिनाची नर्तिका १९८१ साली कर्करोगानं गेली. तिच्या हाताखाली नाचलेल्या कॅथरीन रिंगरनं हे गाणं तिच्यासाठी गायलं.

कॅथरीन गायची, फ्रेड शिशँ गिटार वाजवायचा. १९७९ साली पॅरिसमध्ये दोघं भेटली. पुढं गाणं आणि संसार एकत्रच झाला. 'रिता मित्सुको' या त्यांच्या नावातलं मित्सुको हे एका अत्तराचं नाव. लोकांना मात्र रिता मित्सुको म्हणजे गायिकाच वाटे! मग त्यांनी आधी 'ले' हे अनेकवचनी उपपद जोडलं. आम्ही दोघं आहोत, एवढंच सांगायला.

गिटार, सिंथेसायझर आणि यंत्राचा ठेका, एवढ्या भांडवलावर ही जोडी उभी राहिली. १९८६ च्या त्यांच्या दुसऱ्या अल्बमची निर्मिती डेव्हिड बोवीबरोबर काम केलेल्या टोनी व्हिस्कॉन्टीनं केली. चित्रपट दिग्दर्शक गोदारनं त्यांना गाणी रचताना पडद्यावर टिपलं.

मला विशेष वाटतं ते १९८८ च्या 'ल पेती त्रँ' या गाण्याचं. नावाचा अर्थ 'छोटी आगगाडी'. बालगीतासारखी चाल, पण ही गाडी ज्यूंना मृत्यूच्या छावणीकडे नेणारी आहे. कॅथरीनचे वडील, चित्रकार सॅम रिंगर, नाझी छावण्यांतून वाचले होते. घरातलं हे दुःख तिनं गळा काढून सांगितलं नाही. ठेका धरायला लावला आणि मग ऐकणाऱ्याला अर्थ उमगू दिला. रडगाणं आपण टाळतो. नाचाचं गाणं मात्र मनात शिरून बसतं.

२८ नोव्हेंबर २००७ रोजी फ्रेडही कर्करोगानंच गेला. वय अवघं त्रेपन्न. जोडी संपली. कॅथरीन मात्र २००८ साली पुन्हा मंचावर आली आणि दोघांची गाणी एकटीनं गायली. २०१९ साली तिनं याच गाण्यांचा नवा दौरा काढला.

मैत्रिणीला नाचत निरोप देणारं ते जुनं गाणं आता तिच्या तोंडी दोघांसाठी असतं. ठेका मात्र तोच आहे. श्रोते आजही नाचतात, आणि तिला तेच हवं असावं.