शेजारणीची गोळी आपल्याला चालेलच असं नाही

‘शेजारणीला गोळी सोसली, मग मला का नाही?’ असं बायका विचारतात. कारण प्रत्येकीचं शरीर वेगळं, दुखणी वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली यासाठी निकष काढले. एकेका आजारात एकेका साधनाला १ ते ४ श्रेणी दिली. १ म्हणजे निर्धास्त वापरा, ४ म्हणजे नकोच.

माला-एनमध्ये इस्ट्रोजेन असतं. रक्तदाब १६०/१०० किंवा वर असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, किंवा बाळंत होऊन सहा आठवडेही झाले नसतील आणि बाळ अंगावर पीत असेल, तर ही गोळी ४ मध्ये येते. क्षयावरच्या रिफाम्पिसिनमुळे गोळीचा परिणाम घटतो. फुप्फुसाचा क्षय असलेल्या बाईला तांबी चालते. पण गर्भाशयाचा क्षय किंवा ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल तर तांबी बसवू नये. अंगावरून फार जात असेल तर आधी तपासणी हवी.

म्हणून पाकीट हातात घेण्याआधी सांगा, ‘आधी माझा रक्तदाब मोजा, दुखणी विचारा.’ हा आपला हक्क आहे. आणि कुठलंच साधन सोसत नसेल तर? निरोध आहे, पुरुषाची नसबंदी आहे. पाळणा लांबवणं एकट्या बाईचं काम नव्हे.