पुरुषांच्या मनाची विचारपूस
(संस्थेच्या मेळाव्यात सुपे येथे केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहे आणि शिक्षण म्हणाल तर बी. ए. परंतु काउंटरमागे बसून बरीच वर्षे माणसे पाहतो आहे. कर्ज थकलेला माणूस आमच्याशी व्याजाबद्दल बोलतो, सातबाऱ्याबद्दल बोलतो, पावसाबद्दल बोलतो. रात्री झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, हे तो सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही. पुढे तो येईनासा होतो. मग पासबुक घेऊन त्याची बायको येते, नाहीतर थोरला मुलगा.

आपल्या सुप्याचे नाव इतिहासात गेले ते कर्जापायीच. १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी इथे शेतकरी सावकारांवर उठले, चोपड्या आणि कर्जरोखे जाळले गेले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेला कापसाचा भाव नंतर कोसळला होता, सरकारी सारा मात्र वाढला होता. १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करणे भाग पडले. दंग्याचे समर्थन म्हणून मी हे सांगत नाही. पण त्या काळी कर्ज ही साऱ्या गावाची गोष्ट होती, चव्हाट्यावर बोलली जात होती. आज ती घरातल्या एकट्या पुरुषाची लाज होऊन बसली आहे.

सरकारी आकडे पाहा. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत पुरुष १,२२,७२४. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, २२,७४६. आणि देशातील दर चार जणांमागे एक रोजंदारीवर जाणारा होता. म्हणजे हा प्रश्न केवळ जमीनदाराचा नाही, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याचाही आहे.

स्त्रियांचे दुःख कमी, असे कोणी समजू नये. उलट नैराश्याचा आजार पाहण्यांमध्ये स्त्रियांतच जास्त आढळतो. मग जीव पुरुषांचे जास्त का जातात? मला वाटते, पुरुषाचा आजार वेगळे कपडे घालून येतो. तो रडत नाही, चिडतो. पाठ दुखते म्हणून गोळ्या घेतो. संध्याकाळी गुत्त्यावर जातो आणि आपण म्हणतो, दारूने वाया गेला. दारूच्या आधी काय होते, हे कोणी पाहत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की, निरनिराळ्या मानसिक आजारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत.

आता तपासणीविषयी. ती मुळीच नाही असे नाही. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी एक पत्रक भरतात. त्यात रक्तदाब-मधुमेहाच्या माहितीबरोबर मनाविषयीही दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, उदास किंवा निराश वाटले का. प्रश्न चांगले आहेत. पण आशाताई येतात दिवसा. त्या वेळी घरधनी रानात, कारखान्यावर, नाहीतर एम.आय.डी.सी.त. अशा वेळी त्याच्या वतीने उत्तर कोण देणार? घरातली बाई म्हणणार, "त्यांना काही नाही, बरे आहेत." आणि तो घरी असला तरी बायको-सुनेसमोर हो म्हणेल का? आशाताईंचा यात दोष नाही. त्यांच्यावर कामाचे ओझे आधीच फार आहे.

विदर्भातील एक उदाहरण देतो. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी या आजाराविषयी बोलणे सुरू केले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. कोरडवाहू मुलखातली ही गोष्ट आहे, आपल्यासारखीच.

म्हणून माझी सूचना अशी की, पुरुष जिथे असतात तिथे तपासणी न्यावी. आठवडे बाजाराच्या दिवशी रक्तदाब मोजायचे टेबल मांडावे; रक्तदाबासाठी दंड पुढे करायला पुरुष लाजत नाही. त्याच वेळी ते दोन प्रश्न विचारावेत, शक्यतो पुरुष कार्यकर्त्याने, बाजूला घेऊन. पौर्णिमेला विहारातही हे करता येईल. झोप, राग आणि दारू यांबद्दलही विचारावे. जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. मात्र कोणाचे नाव चावडीवर जाता कामा नये.

नुसते विचारून सोडून देणे तर वाईटच. पुढची वाट हवी. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्याकडे मानसोपचार म्हटला की "येरवड्याला पाठवा" अशी थट्टा होते. त्या थट्टेपायी माणसे घरात कुढत बसतात. ज्यांना कुठे जायचे नाही त्यांनी १४४१६ हा क्रमांक फिरवावा. 'टेली मानस' ही सरकारी सेवा २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, रात्रीही मिळते आणि मराठीत बोलता येते. पोलिसांची भीती असेल तर २०१७ च्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, हेही सांगावे.

विद्यार्थी मित्रांना एक काम देतो. हा क्रमांक आज वहीत लिहून घ्या आणि घरी गेल्यावर वडिलांच्या मोबाईलमध्ये घालून द्या. पहिल्या बाजाराच्या टेबलासाठी दोन खुर्च्या आणि रक्तदाबाचे यंत्र मी आणतो. सोबत बसायला कोण येणार, त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. जयभीम.