पुडीची मागची बाजू



हे ऐकताना तोंड धुवायला घरात जे काही असेल, साबणाची वडी, फेसवॉशची ट्यूब नाहीतर दुकानात दोरीला लटकणारी पुडी, ते हातात घ्या आणि उलटं करा. पुढचं चित्र आज बघायचं नाही. पुढे कडुनिंबाचं पान असतं, लिंबाची फोड असते, गोरी मुलगी हसत असते. आत काय भरलंय ते मागे लिहिलेलं असतं, इंग्रजीत आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला आणि बोटांनी मोठं केलं की ते वाचता येतं. कॉलेजात जाणारी लेक जवळ असेल तर तिला वाचायला सांगा.

हा विषय घ्यायचं कारण म्हणजे बैठकीत बचतीची वही मिटली की हमखास कोणीतरी विचारतं, "खयचो फेसवॉश घेवचो गो?" मुलींना मुरमांसाठी हवा असतो. किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्यांना गालावरच्या वांगासाठी. आणि एक बरी ट्यूब म्हणजे आपली महिन्याची शंभर रुपयांची बचत. तेव्हा ती कशासाठी खर्च होते ते कळायला हवं.

मागच्या यादीच्या डोक्यावर 'इन्ग्रेडियंट्स' असा शब्द असतो. ती यादी कशीही लिहिलेली नसते, नियमाने लावलेली असते. जे सगळ्यांत जास्त घातलंय ते पहिलं, मग त्याहून कमी, मग त्याहून कमी. आपण आमटीचं सामान सांगताना आधी डाळ सांगतो आणि हिंग शेवटी, तसंच. फेसवॉशमध्ये पहिलं नाव बहुधा पाण्याचं असतं, 'ॲक्वा' नाहीतर 'वॉटर'. शंभर रुपयांतलं बरंचसं पाणीच आपण विकत घेतो.

शंभरात एक भाग किंवा त्याहून कमी असलेल्या वस्तू शेवटी कशाही क्रमाने लिहायची मुभा आहे. ही रेघ कुठे पडते ते ओळखायची एक खूण सांगतो. यादीत 'फिनॉक्सीइथेनॉल' असं लांबलचक नाव शोधा. माल नासू नये म्हणून ते घालतात आणि शंभरात एक भागापेक्षा जास्त घालायला परवानगी नाही. म्हणजे त्याच्या पुढे जे जे लिहिलंय ते सगळं एक भाग किंवा त्याहून कमी. आता कडुनिंब कुठे आहे बघा. कोरफड, केशर, पपई कुठे आहे बघा. पुष्कळदा ती त्या नावाच्या पलीकडे बसलेली सापडतील. 100 ग्रॅमच्या ट्यूबमध्ये फार तर एक ग्रॅम कडुनिंबाचा अर्क. एका वेळी आपण साधारण एक ग्रॅम फेसवॉश घेतो, त्यात तो ग्रॅमचा शंभरावा भाग आला. तोही अर्ध्या मिनिटात पाण्याबरोबर न्हाणीघराच्या मोरीत. पान पुढे मोठं छापलेलं, आत चिमूटही नाही. चारकोल, व्हिटॅमिन सी, मोत्याची भुकटी, सगळ्यांना हाच हिशोब लावा. अगदी छोट्या पुड्यांना यादी छापण्यातून सूट आहे, म्हणून पुडीवर यादी नसली तर त्याच मालाची मोठी बाटली दुकानदाराकडून मागून बघा. बघायला पैसे पडत नाहीत.

मग चेहरा धुतं कोण? खरी तुलना इथेच करायची आहे. पाण्यानंतरची तीन-चार नावं वाचा.

साबणाच्या वडीवर 'सोडियम पामेट', 'सोडियम कोकोएट' अशी नावं असतात. पामेट म्हणजे पामतेलाचा साबण. कोकोएट म्हणजे खोबरेलाचा. हा 'कोको' चॉकलेटमधला नव्हे, आपल्या परसातला माड आहे. 'टॅलोएट' दिसलं तर ती जनावराची चरबी. तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की साबण होतो, मग तो पाच रुपयांचा असो की पन्नासचा. चांगल्या वडीवर 'टीएफएम' नावाचा आकडा असतो, तो वडीत साबण किती ते सांगतो. पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपला तो किमान 76 टक्के लागतो. वडीवर 'बेदिंग बार' असं लिहिलेलं असेल तर ती वेगळी जात, तिच्यात कमी साबण चालतो. दोन्ही दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात.

साबणाची अडचण अशी की तो खारवट असतो. आंबट-खार मोजायची एक पट्टी असते, तिला पीएच म्हणतात. शुद्ध पाणी 7 वर. आपली कातडी किंचित आंबट, 5 च्या आसपास. साबण 9 ते 10. तेलकट तोंडाला एक-दोन वेळा साबण लावला तर काही बिघडत नाही. पण दिवसभर खारा वारा आणि ऊन झेललेल्या कोरड्या गालांना तीनदा साबण लावला तर कातडी ओढते, फुटते, झोंबते.

आता गंमत बघा. ट्यूबमध्ये आहे म्हणून तो साबण नाही असं समजू नका. यादीत 'मायरिस्टिक ॲसिड', 'स्टिअरिक ॲसिड', 'लॉरिक ॲसिड' आणि सोबत 'पोटॅशियम हायड्रॉक्साइड' दिसलं की समजायचं, हा साबणच आहे, फक्त मऊ केलेला. भरपूर फेस येणाऱ्या कितीतरी महाग फेसवॉशमध्ये हेच असतं. धुतल्यावर तोंड करकर वाजतं आणि आपल्याला वाटतं, काय स्वच्छ झालं! ती करकर स्वच्छतेची नव्हे, तेल पार निघून गेल्याची.

दुसरी जात साबणाशिवायची. तिच्यात 'सोडियम लॉरिल सल्फेट' सगळ्यांत कडक. 'सोडियम लॉरेथ सल्फेट' त्याची जरा सौम्य बहीण. शेवटच्या अक्षरांचाच काय तो फरक आहे, नीट वाचा. 'कोकामिडोप्रोपिल बीटेन', 'डेसिल ग्लुकोसाइड', 'सोडियम कोकोइल आयसेथिओनेट' ही आणखी मवाळ. यांतली बरीचशी खोबरेल नाहीतर पामच्या तेलापासूनच बनतात. ही नावं पाठ करायची गरज नाही. चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा, आम्हीही तसंच केलंय. त्यांच्याबरोबर पहिल्या चार-पाचांत 'ग्लिसरीन' असेल तर उत्तम, ते कातडी कोरडी पडू देत नाही. यादीत 'सोडियम क्लोराइड' दिसलं तर दचकू नका. ते मीठ, शिरोड्याच्या मिठागरात पिकतं तेच. पातळ द्रव दाटसर दिसावा म्हणून घालतात. दाट म्हणजे कसदार असं काही नाही.

कर्लीच्या खाडीकाठच्या बायकांनी इथे जरा लक्ष द्या. उन्हाळ्यात काही विहिरींचं पाणी मचूळ होतं आणि "साबणाक फेसच येणा नाय" अशी ओरड सुरू होते. खाऱ्या आणि जड पाण्यात साबणाचा फेस मरतो, त्याचा चोथा होऊन तो कातडीला चिकटतो. मग आपण आणखी साबण लावतो, आणखी घासतो, आणि तोंडाची आग होते. दोष साबणाच्या किमतीत नसतो. अशा पाण्यात साबणाशिवायचा सौम्य फेसवॉश चांगला चालतो. वडीच हवी असेल तर निव्वळ खोबरेलाची बघा. खोबरेलाचा साबण समुद्राच्या पाण्यातही फेसाळतो, म्हणून पूर्वी खलाशांसाठी तो मुद्दाम बनवत. शेवटचं धुणं तेवढं गोड्या पाण्याचं करा, एक तांब्या पुरतो.

दोन ट्यूब शेजारी धरल्या की पहिली पाच नावं ताडून बघा. ती जवळपास सारखी असतील तर भाव बघा. समजा एक 50 ग्रॅमला 95 रुपये, दुसरी 150 ग्रॅमला 210. पहिलीचा ग्रॅम एक रुपया नव्वद पैशांना पडला, दुसरीचा एक रुपया चाळीसला. एका ग्रॅमची किंवा मिलिलिटरची किंमत हल्ली पाकिटावरच छापलेली असते, एमआरपीच्या आसपास शोधा. मुरमांसाठी घेणाऱ्या मुलींनी मात्र 'सॅलिसिलिक ॲसिड' किती टक्के ते बघावं. ते शंभरात एक-दोन भागांतही काम करतं, यादीत मागे असलं तरी चालतं. रोज दोनदा लावून कातडी सोलू लागली तर दिवसाआड करा. सुवास आणि रंग जितके कमी तितकं बरं. तोंडावर पुरळ उठवण्यात वासाचा हात मोठा असतो आणि तो यादीत 'परफ्यूम' नाहीतर 'फ्रेग्रन्स' एवढ्या एका शब्दात लपलेला असतो.

'केमिकल फ्री' लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. पाणी हेसुद्धा केमिकलच. नासू नये म्हणून घातलेल्या वस्तूंचीही फार भीती नको. ओल्या मालात त्या नसत्या तर आपल्या दमट हवेत आठवड्याभरात बुरशी धरली असती.

घरचं ते सगळं चांगलं, हेही आम्हाला पटत नाही. बेसन, मसुराचं पीठ वस्त्रगाळ करून, दुधात कालवून, हलक्या हाताने लावलं तर छान. लिंबू मात्र तोंडाला चोळू नका. त्याचा रस पीएचच्या पट्टीवर 2 च्या आसपास, आणि तो लावून उन्हात गेलात तर कातडी भाजून काळे डाग पडतात. खाण्याचा सोडाही नको. रिठ्याला फेस चांगला येतो, पण डोळ्यांत गेला तर विचारू नका. काजूच्या कारखान्यात जाणाऱ्यांनी हाताचा चीक निघेपर्यंत तोंडाला हात लावायचाच नाही. आधी हाताला खोबरेल, मग साबण, मग तोंड.

आता वांगाचं. ऊन, बाळंतपण, काहींना गर्भनिरोधक गोळ्या, यांनी वांग येतं. ते कातडीच्या आत असतं, वरून धुऊन जात नाही. कोणताही फेसवॉश वांग घालवत नाही, मग पुढे काहीही छापलेलं असो. मासळी उलथताना डोक्यावरून पदर पुढे ओढणं, रुंद काठाची टोपी, जमलं तर 30 एसपीएफचं सनस्क्रीन, याचा उपयोग त्यापेक्षा जास्त.

आणि फेसवॉशने गेलं नाही म्हणून कोणी बिननावाच्या डबीतली क्रीम दिली तर घेऊ नका. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी पेपरात आली होती. एका घरातली मुलगी, तिची आई आणि बहीण ब्युटिशियनकडून आणलेली गोरेपणाची क्रीम लावत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पाऱ्याने रंग उजळतो हे खरं, म्हणूनच ती खपते. औषधाच्या दुकानातल्या काही ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. 'बीटामेथासोन', 'क्लोबेटासोल', 'मोमेटासोन' हे शब्द दिसले की डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती तोंडाला लावायची नाही. पंधरा दिवस गाल चकचकीत दिसतात, पुढे कातडी पातळ होते, लाल होते, केस येतात, आणि सोडली की आग. ज्या बहिणी आधीच लावत असतील त्यांनी लपवू नका, सरकारी दवाखान्यात ती ट्यूब सोबत नेऊन दाखवा.

शेवटचं, जे गट दिवाळीला उटणं आणि खोबरेलाचा साबण करून विकतात त्यांच्यासाठी. कारीट फोडून घरात लावायचं उटणं वेगळं आणि पाकिटात भरून विकायचं वेगळं. विकायच्या साबणाला, उटण्याला, फेसवॉशला 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. पाकिटावर पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरायची मुदत आणि आतल्या वस्तूंची यादी छापावी लागते. हे कटकटीचं आहे, मान्य. पण दुसऱ्याच्या डबीवर जे शोधायचं ते आपल्या डबीवर नको, असं कसं चालेल? परवाना काढेपर्यंत, ज्यांच्याकडे तो आहे अशा उत्पादकाला खोबरेल आणि नागकेशर पुरवायचा धंदा करता येतो. आपल्या उमेदच्या ताईंशी त्याबद्दल बोला. विकत घेतलेल्या मालाबद्दल तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. बिल आणि पाकीट फेकून देऊ नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातलं एक रिकामं पाकीट आणा. चष्मा असेल तर तोही.