पाण्याचे ऋण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात उल्हासनगर कॅम्प नं. ३ येथे केलेले भाषण)



आपल्या नगरास १९४९ साली उल्हास नदीवरून नाव मिळाले. परंतु ऐन वैशाखात तिच्या पात्रात पाणी येते कोठून, याचा विचार आपणांपैकी थोड्यांनीच केला असेल.

सह्याद्रीपलीकडे मावळात आंद्रा नदीवर ठोकळवाडीचे धरण आहे. आंद्रा इंद्रायणीस, इंद्रायणी भीमेस व भीमा कृष्णेस मिळते. अर्थात ते पाणी निसर्गतः पंढरपुराकडे जाणारे. टाटांच्या कंपनीने ते अडवून घाटाखाली उतरविले आणि १९२२ पासून भिवपुरी येथे त्यावर वीज होऊ लागली. वीजगृहातून सुटलेले पाणी पेज नदीवाटे उल्हासास मिळते. त्यावर कर्जतकडील शेतकरी उन्हाळी भात पिकवितात आणि पुढे बदलापूर, जांभूळ, शहाड येथे नदीतून उचललेले पाणी आपल्या नळांत येते. त्यात बारवी धरणाची भर पडते. त्यासाठीही मुरबाड तालुक्यातील गावांनी घरेदारे सोडली आहेत.

आता घाटावरील बांधव म्हणतात, ‘आमचे पाणी आम्हांस द्या.’ हे मागणे अन्यायाचे नव्हे. कृष्णा पाणीवाटप लवादाने १९७६ च्या निवाड्यात, टाटांच्या सर्व तलावांतून मिळून वर्षास ५४.५ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी पश्चिमेस नेऊ नये, असे बंधन घातले. उत्तर अमेरिकेतील महासरोवरांभोवतीच्या आठ राज्यांचा करार २००८ साली अमलात आला. त्यानेही, काही अपवाद वगळता, पाणलोटाबाहेर पाणी नेण्यास मनाई केली. उलटपक्षी, ठोकळवाडीचे पाणी एकाएकी पूर्वेस वळविले, तर उन्हाळ्यात उल्हासाची धार क्षीण होईल व इकडील घागरी रित्या राहतील.

आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबे मूळची घाटावरची. एक भाऊ येथे नळाखाली घागर धरतो, तर दुसरा तिकडे आटलेल्या विहिरीत डोकावतो. मग आपण कोणाची बाजू घ्यावी? आमच्या मते, दोहींकडील पिण्याचे पाणी प्रथम, नंतर शेती आणि त्यानंतर इतर कामे, हाच न्याय होय. तलावातून नवी उचल करण्यापूर्वी शासनाने दोन्ही खोऱ्यांतील लोकांसमोर पाण्याचा हिशेब मांडावा.

परंतु हिशेब मागणाऱ्याने स्वतःची वही आधी स्वच्छ ठेवावी. आपल्या दारची वालधुनी आपणच नासविली. जलवाहिन्या गळतात, गच्चीवरील टाक्या भरून वाहतात, नळास थेट मोटार लावून शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढले जाते. ही उधळपट्टी चालू असता आणखी पाणी मागण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही. कारखान्यांनीही सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरावे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने गळका नळ आठ दिवसांत दुरुस्त करावा, थेट मोटार काढून टाकावी आणि मंडळाच्या तरुणांनी आपापल्या गल्लीतील गळतीची नोंद करून ती महापालिकेस कळवावी, एवढी आमची नम्र विनंती आहे. दुसऱ्याच्या तलावाचे पाणी पिणाऱ्याने ते उसने आणलेल्या धान्यासारखे मापून वापरावे.