ताऱ्यांचा अंत आणि दीर्घिकांची घडण

७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ मोजमापाची उपकरणे घेऊन बलूनमधून सुमारे ५,३०० मीटर उंचीवर गेले. जमिनीपासून दूर जावे तसे प्रारण उणावेल, हा त्या काळचा समज. आढळले ते उलटेच. हा वर्षाव पृथ्वीबाहेरून होतो हे त्यातून दिसून आले आणि १९३६ साली हेस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 'विश्वकिरण' हे नाव मात्र फसवे आहे. हे किरण नव्हेतच. प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे ते विद्युत्‌भारित कण होत, त्यांतील बहुसंख्य प्रोटॉन. पण एकदा रूढ झालेले नाव भाषा सहसा सोडीत नाही.

हे कण येतात कोठून? अतिदीप्त नवताऱ्यांतून, म्हणजे आयुष्य संपताना स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांतून, असा तर्क बाडे व झ्विकी यांनी १९३४ साली मांडला. भक्कम पुराव्यासाठी २०१३ साल उजाडावे लागले. वाटेतील चुंबकीय क्षेत्रे या कणांना इतकी वळणे देतात, की त्यांच्या दिशेवरून उगम ओळखता येत नाही. गॅमा किरण मात्र सरळ येतात. फर्मी दुर्बिणीने दोन स्फोटावशेषांतून आलेल्या गॅमा किरणांत वेगवान प्रोटॉनांची खूण ओळखली.

खरे नवल पुढेच आहे. एकट्या गुरुत्वाकर्षणाचे राज्य असते, तर दीर्घिकेतील वायू झपाट्याने आकुंचन पावून ताऱ्यांत संपून गेला असता. प्रत्यक्षात आपल्या आकाशगंगेत वर्षाकाठी सूर्याच्या एक-दोन पट वस्तुमानाचेच तारे जन्मतात. या काटकसरीमागे अशा स्फोटांचा मोठा हात आहे. स्फोटाने तापलेला वायू आपली उष्णता लवकर उधळून बसतो. विश्वकिरण मात्र आपली ऊर्जा लाखो वर्षे जपतात. स्फोटाच्या गतिज ऊर्जेचा जेमतेम दहावा हिस्सा त्यांच्या वाट्याला येतो, तरी तो थोडका नव्हे. दीर्घिकेच्या तबकडीबाहेर पडू पाहणारे हे कण चुंबकीय क्षेत्रात गुंतलेले असतात, आणि त्या क्षेत्रामार्फत ते वायूलाही बाहेर रेटतात. दुर्बळ गुरुत्वाकर्षणाच्या लहान दीर्घिकांतून त्यामुळे वायूचे वारे वाहू लागतात, असे संगणकावरील प्रतिरूपणे दाखवितात. हा रेटा नेमका किती, याविषयी खगोलशास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही.

हेच कण काळ्या, दाट मेघांच्या गाभ्यातही शिरतात. ताऱ्यांचा प्रकाश तेथे पोहोचत नाही. हायड्रोजनच्या रेणूंचे आयनीकरण करून हे कण तेथील रासायनिक क्रिया चालू ठेवतात. पाण्याचे रेणू घडण्याची एक वाट तेथूनच निघते. आणि नवे तारे जन्मतात तेही याच मेघांत.