जीवसृष्टीचा उगम : धम्म आणि विज्ञान
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गिरणीत साचे चालवणारा माणूस. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर. तरी विषय मोठा घेतला, कारण धम्मवर्गातली मुलं विचारतात, पहिला जीव कुठून आला? शाळेतलं खरं मानायचं की धर्मातलं?

हा प्रश्न पंडितांचा आहे असं निदान महाडच्या माणसानं म्हणू नये. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. गुरांनी तोंड लावलं तर ते बाटत नव्हतं, माणसाच्या हातानं बाटलं! का? तर माणसं वेगवेगळ्या अवयवांतून जन्मली ही समजूत. पुरुषसूक्तात ब्राह्मण मुखातून, क्षत्रिय बाहूंतून, वैश्य मांड्यांतून, शूद्र पायांतून. आपला तर त्या देहात पत्ताच नाही. मनुस्मृतीचा पहिला अध्यायच सृष्टीच्या उत्पत्तीचा आहे आणि त्यातही हीच वाटणी आहे. २५ डिसेंबर १९२७ ला इथंच ती जाळली, तेव्हा उगमाची ही गोष्टसुद्धा त्या आगीत गेली.

आता विज्ञान काय म्हणतं? डार्विननं १८५९ साली ग्रंथ लिहून दाखवलं की सारे जीव हळूहळू बदलत आले, एकमेकांचे भाऊबंद आहेत. पण पहिला जीव? १९५३ साली अमेरिकेत स्टॅन्ली मिलर या तरुणानं मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ बंद काचपात्रात घेऊन विजेच्या ठिणग्या सोडल्या. आठवडाभरात अमिनो आम्लं तयार झाली, म्हणजे प्रथिनांच्या विटा. विटा म्हणजे घर नव्हे. निर्जीवातून जिवंत पेशी अजून कुणी घडवलेली नाही, आणि विज्ञान ते लपवत नाही.

भगवंतांना मालुंक्यपुत्तानं विचारलं होतं, जग शाश्वत की अशाश्वत? त्यांनी विषारी बाणाचा दाखला दिला. बाण लागलेला माणूस आधी बाण काढील, की मारणाऱ्याचं गोत्र विचारत बसेल? त्यांनी निर्माता उभा केला नाही. बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ईश्वरानं सृष्टी निर्मिली हे मत खोडून काढलं. म्हणून आपल्या मुलाला डार्विन शिकताना श्रद्धा दप्तराबाहेर ठेवावी लागत नाही.

मात्र आपल्यातलेही काहीजण व्यासपीठावरून सांगतात की डार्विनचं सगळं बुद्धानं आधीच सांगून ठेवलंय. मला हे पटत नाही. हे पुष्पक विमानासारखंच झालं. बुद्धानं कार्यकारणाचा नियम सांगितला, पेशी आणि डीएनए नाही सांगितलं. त्यानं त्याचं काही कमी होत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विन चुकीचा आहे, तो शाळेतून काढावा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याला विरोध केला. तरी २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेलाच. आपल्या राज्याच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा होता. आयाबायांनो, मुलांच्या पुस्तकातून काय जातं आणि काय येतं ते बघत जा. वाचता येत नसेल तर मुलांकडून वाचून घ्या.

पावसाळा सरला की मुलांना घेऊन गांधारपाल्याच्या लेण्यांवर आणि सवच्या गरम कुंडावर जायचं ठरवलं आहे. लेणी ज्या काळ्या कातळात कोरली तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जीवाच्या खुणा साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे सह्याद्री त्यापुढं कालचं पोर! आणि सवला लोक खरूज-नायट्यासाठी आंघोळ करतात, पण पहिला जीव अशाच गरम कुंडात झाला असावा असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. दुसरे म्हणतात, समुद्राच्या तळाशी. मुलांनी तिथं उभं राहून दोन्ही बाजूंनी भांडावं.

पोलादपूरकडच्यांनी सकाळच्या एस.टी.नं महाडला उतरावं. भाकरी घरून आणावी, पाण्याची सोय विहारातर्फे आहे. नमो बुद्धाय, जय भीम.